वाक्यात उपयोग करा

१० जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र गृहपाठ आहे. पण तुला लिहायचंच होतं, म्हणून एका दगडात दोन पक्षी.

आमच्या भाषेच्या बाईंनी यंदा कुमारांसाठी लिहिलेली एक कादंबरी लावलीय. पुरात एका मुलीचं गाव वाहून जातं, आणि मग ती आज या नातेवाइकाकडे तर उद्या त्या, अशी राहत जाते. मुलगी माझ्याच वयाची आहे. मला गोष्ट आवडली. बाईंना गोष्टीशी काही देणंघेणं नाही, त्यांना शब्द हवेत. दर प्रकरणातले अवघड शब्द त्या फळ्यावर लिहून देतात. ते घालून आम्ही परगावच्या नातेवाइकाला खरंखुरं पत्र लिहायचं आणि शब्दाखाली रेघ मारायची. बाई ते तपासतात, मार्क देतात आणि शाळेच्या खर्चाने टपालात टाकतात. वाक्यं स्वतःच्या मनाची हवीत, पुस्तकातली चालत नाहीत. आणि घरची रडगाणी नकोत. "तिकीट फुकटचं आहे म्हणून वाटेल ते लिहू नका," असं बाईंनी बजावलंय. तशा ओळी त्या खोडून टाकतात. शब्द असलेल्या वाक्याला मात्र हात लावत नाहीत.

तर पहिल्या प्रकरणाचे शब्द:

‘उपरी’: वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि ती मुलगी स्वतःच्याच घरात उपरी झाली.

‘अलिप्त’: नवी आई वाईट नाही, फक्त अलिप्त आहे, दुकानातल्या आरशासारखी. समोर उभं राहिलं की आपण दिसतो, बाजूला झालं की संपलं.

‘अडगळ’: मुलीचं अभ्यासाचं टेबल अडगळीत गेलं, कारण त्या जागी पाळणा येणार आहे.

‘आश्वासन’: मुलीची आई गेली तेव्हा आत्याने सगळ्यांसमोर आश्वासन दिलं, "शाळा संपली की पोर माझ्याकडे. पुढच्या शिक्षणाचं मी बघते."

‘विसंबणे’: ती मुलगी त्यावर विसंबून आहे.

‘गलबत’, ‘भोवरा’ आणि ‘तट’ यांची वाक्यं मागच्या पानावर केलीत. ती नुसती वाक्यं आहेत.

तुझी
भिंगरी


२३ जानेवारी

भिंगरे,

वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर वाचकांची दोन जातींची पत्रं येतात. मला मूर्ख म्हणणारी, आणि मला मूर्ख म्हणून खाली स्वतःची कविता जोडणारी. त्या ढिगात शुद्ध लिहिलेलं, कविता नसलेलं पत्र सापडलं, म्हणजे उन्हात सावली मिळाली म्हण.

तुझ्या बाई थोर आहेत. पत्राच्या शेवटी तू एक परिच्छेद लिहिला होतास, त्यावर तांबड्या शाईचा असा नांगर फिरलाय की खाली पेरलेलं पुन्हा उगवायचं नाव नको. उजेडात धरून पाहिलं. ‘सही’ असं काहीसं दिसलं आणि ‘मार्च’. कुणाची सही, कसला मार्च? प्रगतिपुस्तकाचं काही असेल तर बापाला गाठ. त्याची सही मात्र सुरेख आहे, बाकी अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ.

कुमारांसाठी कादंबरी हा प्रकार मला अजून झेपलेला नाही. पन्नाशीचा माणूस गुडघ्यांवर रांगत येतो आणि म्हणतो, "मीही तुमच्यातलाच!" आणि मुलं उभी राहून त्याच्या टकलाकडे बघतात. पण त्या माणसाने निदान गोष्ट तरी लिहिली. तुझ्या बाईंनी ती सोलून तिच्या साली तुम्हाला वाटल्या. चालायचंच. गर त्यांनाही कधी कुणी दिला नसेल.

आता तुझी वाक्यं. ‘अलिप्त’ला पैकीच्या पैकी. तो आरसा मी एक दिवस चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते. ‘अडगळ’ही झकास. ‘आश्वासन’ मात्र नापास. आश्वासन मंत्री देतात. घरातली माणसं ‘शब्द’ देतात. आणि दिलेला शब्द पाळावा लागतो, म्हणून शहाणी माणसं ‘बघू’ म्हणतात. तर ते आपण बघू. आधी परीक्षा तर होऊ दे, घोडामैदान जवळच आहे.

इकडे सगळं ठीक. दुसरी खोली जुन्या वर्तमानपत्रांनी बळकावलीय. छापलेला कागद फेकवत नाही हा आमच्या धंद्याचा रोग. परवा एक पाहुणी आली तर तिला उभ्याउभ्याच चहा द्यावा लागला, आणि खरं सांगू, त्यामुळे ती लवकर गेली.

बापाची लाँड्री कशी चाललीय? नव्या आईला जपून राहा म्हणावं.

आत्या


७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मागच्या पत्राला दहापैकी दहा मिळाले आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. हे चौथ्या प्रकरणाचे शब्द. या खेपेला मी सगळी वाक्यं नीट विचार करून केलीत. तूही नीट वाच.

‘अगतिक’: लाँड्रीच्या काउंटरवरच्या काकू काम सोडून गेल्या, नव्या आईला आता उभं राहवत नाही, इस्त्रीवाला एकटा पडलाय. वडील अगतिक आहेत, असं ते स्वतःच म्हणतात.

‘गृहीत’: शाळा संपली की मुलगी काउंटरवर बसणार हे त्यांनी गृहीत धरलंय.

‘अट’: वडिलांची अट एकच आहे, "आत्याने ‘मी नेते’ असं स्वतःच्या हाताने लिहून कळवावं. मग मी अडवणार नाही. मी होऊन तिच्या पाया पडायला जाणार नाही."

‘मुदत’: आत्याच्या शहरातल्या कॉलेजात नाव घालायची मुदत मार्चअखेर आहे, आणि अर्जावर त्याच शहरात राहणाऱ्या पालकाची सही लागते.

‘सबब’: वडील म्हणाले, "बघ, ती काहीतरी सबब सांगेल." मुलगी म्हणाली, "लावा पैज."

‘तिष्ठणे’: पोस्टमन यायच्या वेळी ती दुकानाच्या पायरीवर तिष्ठत असते.

‘याचना’: ती याचना करत नाही. ती फक्त विचारतेय.

तुझी
भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

उशीर झाला. मध्ये एका परिसंवादाला गेले होते. विषय होता ‘वाचन का कमी होतंय?’ आणि वक्ते इतकं बोलले की वाचायला वेळ कुणाला उरणार?

तुझं दुसरं पत्र पहिल्याच्या दसपट सरस. त्या पूरग्रस्त पोरीला तू थेट आपल्या लाँड्रीत आणून बसवलंस! याला म्हणतात हिंमत. तो कादंबरीकार तीनशे पानं पाण्यात हातपाय मारतोय आणि तू काउंटरवरच्या काकूंना एका ओळीत घालवून कथा सुरू केलीस. बाप तर हुबेहूब. "पाया पडायला जाणार नाही." वा! आमचा धाकटा शोभतो. लहानपणी तो पाण्यात उतरला की बाहेर यायला मदत मागायचा नाही, गटांगळ्या खात "मी पोहतोय" म्हणायचा.

एक सूचना करते, राग मानू नकोस. आत्याचं पात्र कच्चं राहिलंय. ती सबब सांगणार की नेणार, हे वाचकाला आधी कळता कामा नये. तिला थोडी खवचट कर. चांगल्या आत्या कथेत टिकत नाहीत, दुसऱ्या प्रकरणात लोणी लावलेल्या शब्दांवरून घसरून पडतात. आणि ‘याचना’च्या वाक्यात जोर कमी आहे. मुलगी "याचना करत नाही" म्हणते तिथेच वाचकाला वाटतं की करतेय.

तुझी वाक्यं मी आमच्या संपादकांना वाचून दाखवली. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती, ती हलली. माझा शनिवारचा रकाना नेमका रिकामा होता. मुलांना शाळा काय करायला लावते यावर लिहायचं म्हणतेय. त्यात तुझी दोन-तीन वाक्यं उसनी घेईन. छापील अक्षरात स्वतःला बघायची मजा तुला आत्तापासून कळू दे.

अभ्यास कर. बाकी बघूच.

आत्या


४ मार्च

आत्या,

हे पत्र बाईंनी पाहिलेलं नाही. तिकीट माझ्या पैशाचं आहे.

ती वाक्यं मनाची नव्हती, खरी होती. बाई खऱ्या ओळी खोडतात आणि शब्दाच्या वाक्यांवर बरोबरची खूण करतात, म्हणून मी तशी लिहिली. बाईंनी मला एकदा विचारलं होतं, "सगळी वाक्यं एकाच मुलीबद्दल कशी गं?" मी म्हटलं, कादंबरीचा परिणाम. त्या म्हणाल्या, "छान. वातावरण धरून ठेवलंस." बाईंचं मला काही वाटलं नाही, त्यांना आमचं घर माहीत नाही. पण तुला माहीत आहे. लाँड्री आपलीच, बाबा तेच, आई गेली ती खरीच गेली, आणि ते सगळ्यांसमोर बोललीस ती तूच. तुला यातलं खोटं काय वाटलं?

फोन करता आला असता, पण फोन काउंटरवर आहे आणि बाबा शेजारी. एकदा ते बँकेत गेले तेव्हा केला होता. तू उचलला नाहीस. तू लिहायला बसलीस की उचलत नाहीस हे मला माहीत आहे.

बाबा रोज टपाल बघून म्हणतात, "काय, आलं का आमच्या ताईसाहेबांचं फर्मान?" तुझं मागचं पत्र आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "बघू म्हणते." ते हसले. मग नवी आई म्हणाली, "अहो, हसता काय? त्यांना कामं असतात. लिहितील." त्यांना काय हाक मारायची हे माझं अजून ठरलेलं नाही, पण त्या असं म्हणाल्या हे तुला कळावं.

मला शिकायचंय. काउंटर वाईट नाही. पण एकदा त्या स्टुलावर बसले की कुणी मला उठ म्हणणार नाही, हे मला दिसतंय. काकू तिथे तात्पुरत्या बसल्या होत्या आणि त्यांचे केस तिथेच पांढरे झाले.

अर्ज सोबत पाठवतेय. खाली पालकाची सही, तिथे फुली केलीय. आणि बाबांना एक ओळ लिही. ‘मी नेते.’ एवढीच. न्यायचं नसेल तर तेही लिही, मी रागावणार नाही. पण विनोद करू नकोस. मला तुझे विनोद आवडतात, म्हणून सांगतेय.

माझी वाक्यं छापू नकोस.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं तेव्हा रकाना छापखान्यात गेला होता. धनुष्यातून सुटलेला बाण एकवेळ परत येईल, आमचा छापखानेवाला येत नाही. कात्रण सोबत आहे. तुझं नाव घातलेलं नाही, ‘आमची भिंगरी’ एवढंच. शीर्षक मीच दिलं, ‘वाक्यात उपयोग करा’. लोकांना अतोनात आवडलंय. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कविता न जोडता पत्र पाठवलं, हा विक्रम आहे. शेवटच्या उताऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तो इथे देते, तू कात्रण हरवशील म्हणून:

"अशी ही आपली शिक्षणपद्धती. पंधरा वर्षांची धडधाकट पोर मार्कांसाठी सावत्र आई रचते, पाळणा रचते, काउंटर रचते आणि त्यावर बरोबरची खूण घेऊन हसत घरी जाते. उद्या हिला खरंच रडू आलं तर ते कुठल्या प्रकरणातलं, हे बाईंना विचारावं लागेल."

तू हे मनाला लावून घेऊ नकोस. लिहिणारा माणूस जवळचंच उचलतो. दूरचं उचलायला हात पुरत नाही.

आता तुझा मुख्य मुद्दा. मी नाही म्हणत नाहीये, हे आधी लक्षात घे. पण एखाद्या माणसाला घरात आणायचं म्हणजे पुस्तक आणणं नव्हे की आवडलं नाही तर फळीवर ठेवलं. मी सकाळी कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी बोलते, पण फार बोलते. खोलीचं तुला सांगितलंच. शिवाय तुझ्या बापाशी सविस्तर बोलायला हवं, आणि तो दोन वाक्यांनंतर गप्प बसतो. आणि मुदतींचं म्हणशील तर मी आयुष्यात एकही मुदत न वाढलेली पाहिली नाही. ‘मी नेते’ ही ओळ लिहायला मला काय, लेखणी कुठे जड आहे? पण लेखी दिलेल्या ओळीचं पुढे काय काय होतं ते मला धंद्यामुळे ठाऊक आहे. थोडी कळ काढ. अर्ज माझ्यापाशी सुरक्षित आहे.

आत्या


२ एप्रिल

ताई,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. आज लिहितोय.

धुतलेले कपडे आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. रद्दीवाला कुठलं देईल ते. शनिवारी एका गिऱ्हाइकाचं जाकीट तुझ्या रकान्यात गेलं. माणूस वाचणारा निघाला. दुकानातच पुडकं सोडून उभा राहिला आणि मोठ्याने वाचायला लागला, "अहो, ऐका, फार गंमत आहे." आरशाचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. ही आत बसून कॉलरला इस्त्री करत होती. तिने कॉलर पुरी केली, प्लग काढला, आणि वर गेली.

दुपारी बघतो तर तिने पाळणा एकटीने ओढून भिंतीला लावलेला आणि पोरीचं टेबल जिन्याखालून काढून जुन्या जागी ठेवलेलं. या अवस्थेत. मी म्हटलं, "मला हाक मारायचीस." म्हणाली, "तुम्ही काउंटरवर होता." पोरीने त्या टेबलावर अजून पुस्तक ठेवलेलं नाही.

पोरीला मी बोललो नाही. तिने लिहिलेलं खरं आहे. मला ते बाहेरच्या माणसाच्या तोंडून कळलं, ही माझी गोष्ट झाली, ती माझी मी बघतो. शाळेत बाईंनी पत्रांचा उपक्रम बंद केला. वर्गाला म्हणाल्या, "काही मुलींनी विश्वासाचा गैरफायदा घेतला." वर्गातली पोरं आता आपल्या पोरीला ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून चिडवतात.

तिची पैज होती माझ्याशी. पैज मी जिंकलो. असं जिंकायचं नव्हतं.

मुदत संपली. वाढवली नाही त्यांनी. तुझ्याकडे एक ओळ मागितली होती ताई, तू पाऊण पान लिहिलंस.

धाकटा


९ एप्रिल

भिंगरे,

मी नेते. मी नेते. घे, दोनदा लिहिलं. बापाला दाखव, हवं तर काचेत लावून काउंटरवर टांग.

त्याचं पत्र आलं. त्याला इतकं लिहिता येतं हे मला आज कळलं, आणि तेही माझ्याविरुद्ध. असो. आता कामाचं ऐक. मी स्वतः कॉलेजात गेले. मुदत संपली होती हे खरं, पण तिथल्या प्राचार्यांना मी एकदा रकान्यात सोललं होतं. त्यांना वाटलं मी पुन्हा त्याच कामाला आलेय, त्यामुळे चहा आला, खुर्ची आली आणि उशिरा आलेल्या अर्जांची एक वेगळी फाईल असते अशी बातमीही आली. तुझा अर्ज तिथे आहे. फुलीवर सही केली. परीक्षेचा निकाल लागला की सरळ सामान घेऊन ये.

खोली रिकामी केली. रद्दीवाला तीन खेपा घालून थकला, म्हणाला, "बाई, एवढं सगळं वाचलंत?" मी म्हटलं, "नाही, एवढं सगळं लिहिलं." खाट आणली. खिडकीकडे टेबल ठेवलं. सकाळी बोलेन, प्रयत्न करेन. तू आलीस की घरात आवाज होईल. मला त्याची सवय नाही, पण लागेल.

झालं त्याचं आपण काय करणार? छापील कागद ओला करून अक्षरं काही निघत नाहीत. लोक विसरतात. पुढच्या शनिवारी मी दुसऱ्या कुणाला तरी धरीन आणि ते सगळे त्याच्यावर हसतील. संपादक मात्र रोज विचारतात, "भिंगरी पुढे काय म्हणते?" वाचकांची पत्रं येताहेत म्हणे, लोकांना तिचं पुढचं हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. बघू म्हटलं.

नव्या आईला माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू तुझ्या शब्दांत सांग, तुला जमतं.

कधी येतेस ते कळव. स्टेशनवर येईन.

आत्या


१२ मे

आत्या,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण बाळ आलं. बहीण झाली. दोघी ठीक आहेत.

परीक्षेचा निकाल लागला. भाषेत वर्गात पहिली आले. बाईंनी गुणपत्रिका हातात दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

तुमचं पत्र मी बाबांना दाखवलं. त्यांनी ‘मी नेते’ दोनदा वाचलं आणि म्हणाले, "लिहिलंय खरं. जा तू. मी शब्द फिरवत नाही. काउंटरचं मी बघतो." नव्या आईने माझे कपडे इस्त्री करून ठेवले, हिवाळ्याचेसुद्धा. म्हणाली, "तिकडे थंडी जास्त असेल." मी तिला आता आई म्हणते. नुसतं आई, नवी नाही. आरशाबद्दल मी तिला माझ्या शब्दांत सांगायला गेले होते. ती म्हणाली, "असू दे गं. मला जवळ यायची भीती वाटायची. तू आधीच्या आईची होतीस ना." मग ती बाळाला घ्यायला उठली. तेवढंच.

मी येत नाही.

बाबांसाठी नाही आणि बाळासाठीही नाही. त्यांनी मला अडवलेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं लिहितेय. तुम्ही रिकामी केलेली खोली मला डोळ्यांसमोर दिसते. खिडकीकडचं टेबलही दिसतं. मी तिथे शिकले असते आणि चांगली शिकले असते. पण रोज संध्याकाळी आपण जेवायला बसलो असतो, तुम्ही म्हणाला असता, "काय, आज काय झालं?" आणि मी सांगताना थांबले असते. तुमच्या पत्रातलं ‘बघू’ कुणासाठी होतं हे मला कळलं. आधी ते माझ्यासाठी होतं, या खेपेला संपादकांसाठी. मला दोन्ही नको.

कॉलेजातला अर्ज परत घ्या. ती जागा कुणाला तरी हवी असेल.

मी आता काउंटरवर बसते. इथल्या कॉलेजात सकाळचे वर्ग आहेत, बाबा चौकशी करून आलेत. बाळ रात्री किती रडतं त्यावर ठरेल. न जमलं तर मी याच स्टुलावर राहीन, ते मला माहीत आहे. माहीत असून लिहितेय.

काम कळायला लागलंय. माणूस कपडा ठेवतो, डाग दाखवतो. डाग कशाचा आहे ते विचारावं लागतं, शाईला एक औषध, रक्ताला दुसरं, तेलाला आणखी वेगळं. कसा पडला ते विचारायचं नाही, असं बाबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. काही लोक आपणहून सांगतात. आपण ऐकायचं, चिठ्ठी टोचायची आणि कपडा आत द्यायचा. बाहेर कुणाला सांगायचं नाही. काल एक बाई तिच्या मुलाच्या शर्टाबद्दल बोलता बोलता रडल्या. त्या कोण, कुठल्या आणि काय म्हणाल्या, ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

तुमची
भाची